डोमाजी, झाड आणि जावई

डोमाजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. ते कमरेत वाकले होते आणि स्वतःच्या दोन पायांमधून उलटं डोकं काढून माझ्याकडे बघत होते. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नागपूरहून ड्रॉइंगची परीक्षा पास होऊन नुकताच भिलाईला आलेला, अंगात नवी खाकी पँट आणि डोक्यात बरीच हवा. मोहाच्या झाडाखाली रजिस्टर उघडून बसलो होतो. चाळीस पावलांवर एक म्हातारा धोतराचा काचा मारून आपल्याकडे पाठ करून असा वाकलेला दिसला, तर कोणाला जे वाटेल तेच मला वाटलं. मी तणतणत उठलो.

"काय करून राहिले हो तुमी?"

"तुमचं काही नाही, बाबू," उलट्या तोंडानेच उत्तर आलं. "झाड मोजून राहिलो. तुमी मधात आले."

मग ते सरळ झाले, जिथे उभे होते तिथे टाचेने मातीत खूण केली आणि म्हणाले, "उद्या इथवर येईन शेंडा."

वाकून पायांमधून बघायचं आणि मागे मागे सरकायचं. जिथून झाडाचा शेंडा जेमतेम दिसतो, तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. इतकं सोपं. माझ्याकडे या कामासाठी आरसा बसवलेली पितळी पेटी होती, तिला दोन माणसं लागत आणि वर एक गणित. दुसऱ्या दिवशी मोह पडला आणि त्याचा शेंडा टाचेच्या खुणेपासून हातभर अलीकडे येऊन थांबला. विश्वास बसेना म्हणून मी टेप लावून मोजलं. त्यानंतर आजूबाजूला कोणी नाही असं बघून मीही उंच्या तशाच घेऊ लागलो. ओव्हरसियरसाहेबांनी एकदा मला त्या अवस्थेत पाहिलं. पुढे बरेच दिवस ते माझ्या प्रकृतीची चौकशी करत.

माझं काम असं की पाडायच्या झाडावर चुन्याने नंबर घालायचा आणि त्याची जात, घेर, उंची लिहायची. पोलादाचा कारखाना तेव्हा कागदावरून जमिनीवर उतरत होता. आज जिथे भट्ट्या आहेत तिथे धानाची शेतं होती, तलाव होते, आमराया होत्या. रशियन लोक आले होते, त्यांच्याबरोबर बुलडोझरही आले होते. लहानसहान झुडपं बुलडोझर सरळ लोटून देई. पण एका बाजूला नवी भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब आणि मध्ये शंभर वर्षांचं झाड, असं असलं की बुलडोझरवाला सीटवरून उतरून बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "डोमाजी को बुलाओ."

डोमाजी नवेगावकडचे. जन्म जंगलात लाकडं पाडण्यात गेलेला. ठेकेदाराने त्यांना पंधरा माणसांच्या टोळीचं मुकादम करून आणलं होतं. निम्मी माणसं आमच्या भंडाऱ्याकडची, निम्मी इथली छत्तीसगढी. राहायला कॅम्प-वनमधल्या टिनाच्या खोल्या. त्यांच्या खोलीमागे दोन ओळी सोडून माझी खोली. माणूस अंगाने काटकुळा, उंचीने बेताचा. कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाले की मागून कुऱ्हाडच मोठी वाटायची.

झाडापाशी गेल्यावर हा माणूस पहिला अर्धा तास काहीच करत नसे. तीन फेऱ्या मारायचे. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर ठोकायचे, कान लावायचे, झाड आतून पोकळ आहे का ते ऐकायचे. मग दांड्याचं टोक दोन बोटांत धरून कुऱ्हाड खाली लोंबत सोडायची आणि एक डोळा मिटून तिच्या रेषेत झाड बघायचं. झाड कुठे झुकलंय ते असं कळतं. ओव्हरसियर घड्याळ बघायला लागला की डोमाजी म्हणायचे, "साहेब, हे झाड उभं राहाले शंभर वर्सं लागले. पाडाले अर्धा दिवस तं द्या."

त्यांची पहिली शिस्त पळायच्या वाटेची. करवतीला हात लावायच्या आधी बुंध्यापासून तिरप्या मागे जाणाऱ्या दोन वाटा साफ करायच्या. काटेकुटे, दगड, सगळं उचलायचं. प्रत्येकाने आपली वाट बोट करून दाखवायची. न दाखवणाऱ्याला त्या दिवशी काम नाही. "आधी पळाची वाट, मंग कापाची खाच," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! झाडाच्या अगदी पाठीमागे मात्र उभं राहायचं नाही. पडणारं झाड कधी कधी मागे लाथ मारतं, आणि ती खाल्लेला माणूस पुन्हा उठत नाही.

मग ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला कुऱ्हाडीने खाच. मग मागून दोन माणसांची करवत. आणि मध्ये चार बोटं लाकूड न कापता सोडायचं. त्या पट्टीला डोमाजी लगाम म्हणत. ती पट्टी झाडाला धरून हळूहळू खाली नेते. ती कापली की झाड कुणाच्या बापाचं ऐकत नाही. करवत ओढायची, ढकलायची नाही. दोघांनीही फक्त ओढायचं, म्हणजे पातं वाकत नाही. टोळीतला बुधारू नावाचा छत्तीसगढी गडी त्यांचा करवतीचा जोडीदार होता. दोघांना एकमेकांची भाषा धड कळत नसे, पण करवतीवर त्यांचा असा काही मेळ होता की बघत बसावं.

एकदा एका तलावाच्या काठी कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड पाडायचं होतं. एका अंगाला पंपघराची नवी भिंत, दुसऱ्या अंगाला खांब. मधली फट दहा हाताची. एक धिप्पाड रशियन इंजिनियर दुभाष्याला घेऊन बघायला आला. डोमाजींनी फेऱ्या मारल्या, कुऱ्हाड लोंबवली आणि पन्नास हातांवर जाऊन जमिनीत एक खुंटी ठोकली. दुभाष्याने विचारलं, "ये किसलिए?"

"थे खुंटी झाड ठोकंन," डोमाजी म्हणाले.

रशियन हसला. गेला, खुंटी उपटली, वीतभर डावीकडे सरकवून पुन्हा रोवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं. डोमाजी झाडापाशी परत आले, उकिडवे बसले, खाचेच्या एका कोपऱ्यातून दोन बोटांची ढलपी काढली, पुन्हा रेषेत बघितलं, आणखी एक ढलपी काढली. मग करवत चालली, पाचरी बसल्या आणि कहू मोठा आवाज करत आडवा झाला. आम्ही पळत गेलो. खुंटी दिसेना. खोड बाजूला सरकवल्यावर दिसली, मातीत डोक्यापर्यंत गेलेली.

रशियनाने डोमाजींना उचललंच आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. टोळी हसून लोळली. डोमाजी दिवसभर गाल चोळत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "मानूस चांगला हाये बाप्पा. पन दाढी टोचते त्याची."

असा हा माणूस. त्याला झाडाची भीती नव्हती, साहेबाची नव्हती, रशियनाची नव्हती. एकाच माणसापुढे त्याची बोलती बंद होत असे, आणि तो म्हणजे त्याचा जावई.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी सगुणा, तिला शालिकला दिलेली. गावात शालिकची जमीन म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणून डोमाजींनी दोघांना भिलाईला आणलं आणि शालिकला टोळीत घेतलं. आपला धंदा त्याच्या हातात द्यायचा आणि आपण मोकळं व्हायचं, इतकीच त्यांची इच्छा होती. पोरगा चांगला होता. अंगात बैलाची ताकद, निर्व्यसनी, कामाला आळस नाही. पण आमच्याकडे जावई म्हणजे देव. सासऱ्याने त्याच्याआधी जेवायचं नाही, तो उभा असताना बसायचं नाही, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. आणि चारचौघांत त्याची चूक काढायची म्हणजे पोरीच्या संसारात काडी टाकायची. झाडं पाडायचा धंदा तर असा की तो शिव्यांनीच शिकवतात. वेळ नसतो समजावून सांगायला. डोमाजींच्या टोळीतला प्रत्येक जण त्यांच्या शिव्या खाऊनच शहाणा झाला होता. शालिकच्या वाटेला एकही शिवी आली नाही.

एक दिवस दुपारी डोमाजी माझ्याजवळ आले आणि टोपी काढून हातात धरली.

"बाबू, एक काम होतं. रागवान तं नाही?"

"बोला नं."

"तुमाले थोडं रागवायचं हाये."

"कावून? मी काय केलं?"

"तुमी काईच नाही केलं बाप्पा. जवाईबापू करवत ढकलून राहिले. त्याह्यले कसं सांगू? तुमी उगी करवत धरा, ढकला, मंग मी तुमाले बोलतो. थे ऐकतीन."

लेकी बोले सुने लागे, तशातला हा प्रकार. मी हसत हसत हो म्हटलं. तिथेच फसलो. करवत धरली, दोनदा ढकलली, आणि डोमाजींनी माझी जी हजामत सुरू केली ती ऐकून मला खरंच वाटायला लागलं की आपण जन्माला येऊन धरणीला भार झालो आहोत. "बाबू, पातं वाकलं तं तुमचा बाप देईन का आनून? हात हायेत का वखराचे दांडे?" शालिक शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता.

पुढे हे रोजचंच झालं. शालिक पाचर तिरपी ठोकायचा, रागावणी मला. शालिक पळायच्या वाटेवर डबा ठेवायचा, शिव्या मला. ज्याने आयुष्यात कुऱ्हाड धरली नाही त्या माझ्या चुकांची कीर्ती सगळ्या कॅम्पात पसरली. संध्याकाळी नळावर बुधारू भेटला की दात काढून विचारायचा, "बाबू, आज कतका गारी खाये?"

गंमत अशी की हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. एक दिवस शालिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबू, मनावर नोका घेऊ. बुढ्याचा स्वभाव तसा हाये. मन साफ हाये त्याह्यचं. तुमी जरा ध्यान देऊन काम करत जा." म्हणजे माझीच कीव! मी हे डोमाजींना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. "थे झाडाच्या मांगं उभे राहतेत, बाबू," ते म्हणाले. "काप कसा चालला, पाहाले जातेत. चार डाव पाहलं मी. एका दिवशी माह्या सगुनाचं कपाळ पांढरं होईन."

"मग सांगा की सरळ!"

"कसं सांगू?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

खुर्सीपारच्या अंगाला रस्ता आखला होता, त्यात एक ऐनाचं झाड आडवं आलं. ते रस्त्यावर इतकं झुकलं होतं की त्याच्याकडे बघताना आपणच मान वाकडी करावी. असं झुकलेलं झाड सगळ्यांत वाईट. मागून कापायला घेतलं की वरचं वजन पुढे ओढतं, कापायचं पुरं व्हायच्या आधीच खोड उभं फाटतं आणि फाटलेला मागचा अर्धा भाग उसळून वर येतो. डोमाजींनी खोडाला बांधायला लोखंडी साखळी मागितली. साखळी क्रेनवाल्यांकडे होती, ती आज येते, उद्या येते. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर अंगावर यायला लागला. शेवटी डोमाजींनी जाड दोराचे आठ वेढे खोडाला आवळून बांधले.

त्या सकाळी त्यांनी मला जितकं झापलं तितकं कधीच झापलं नव्हतं. "बाबू, या झाडाच्या मांगं जो उभा राहीन त्याचं मढंसुदीक ओळखू नाही येनार! आयकलं का? मांगं नाही जायचं! कान फुटले का तुमचे?" हे म्हणताना त्यांचे डोळे माझ्यावर नव्हतेच. शालिक दोर गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे बघून 'असू द्या' अशी मान हलवली.

करवतीवर डोमाजी आणि बुधारू. मी माझ्या जागी, पंचवीस पावलं बाजूला. काप अर्ध्यावर गेला असेल नसेल, लाकूड आतून कुरकुरलं. डोमाजींचा हात थांबला. तेवढ्यात शालिक पाचरी हातात घेऊन आला आणि नेमका खोडाच्या मागे जाऊन, वाकून कापात बघायला लागला.

डोमाजींनी तोंड उघडलं. मला स्पष्ट ऐकू आलं ते काय म्हणाले. ते म्हणाले, "जवाईबापू, जरा इकडं येता का?"

"आलो मामाजी," शालिक म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

लाकूड दुसऱ्यांदा बोललं. दोराचा एक वेढा तुटला. मग डोमाजींनी करवत सोडली, दोन ढांगांत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या बरगडीत अशी लाथ घातली की तो सहा फुटांवर नालीत जाऊन पडला. "मर जा, मुर्दाडा! गधड्याच्या अवलादीच्या! तुह्या बापानं पाहलं होतं का झाड?" त्या क्षणाला इतक्या दिवसांच्या साठवलेल्या सगळ्या शिव्या बाहेर पडल्या. त्याच वेळी ऐनाचं झाड तोफेसारखा आवाज करून फाटलं. मागचा अर्धा सणसणत वर आला आणि जिथे शालिक वाकला होता तिथून, छातीच्या उंचीवरून मागे गेला. त्याची एक चिरफळी डोमाजींच्या गुडघ्याला लागली. ते जागीच बसले.

शालिक नालीतून उठला. झाडाने काय केलं ते त्याने बघितलंच नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की सासऱ्याने आपल्याला पंधरा माणसांसमोर लाथ घातली आणि बाप काढला. तो अंगावरचा चिखल न पुसता, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो काँक्रीटच्या कामावर जायला लागला. खोली बदलली. सगुणाला म्हणाला, आठवडा झाला की गावाकडे निघायचं, आणि पुन्हा बापाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. मी डोमाजींकडे गेलो. गुडघा हळद लावून बांधलेला, भोपळ्याएवढा सुजलेला. मी आपलं समजूत घालायचं म्हणून म्हटलं, "तुमी लाथ मारली नसती तं तो वाचला नसता. दुःख कावून करता?"

"लाथेचं दुःख नाही, बाबू," ते म्हणाले. "आंधी मी 'जरा इकडं येता का' म्हनलो. तेवढ्यात गेला असता पोट्टा. माह्या तोंडातून दुसरं काई निघालंच नाही." आणि हा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. माझ्याच्याने तिथे बसवेना.

जे मला सुचलं नाही ते सगुणाला सुचलं. ती माझ्या दारात आली, डोक्यावर पदर, डोळे कोरडे ठणठणीत. "भाऊ, थे झाड अजून तिथंच हाये का?" झाड उचललं होतं, पण बुंधा आणि त्याच्यावरचा फाटलेला उभा अर्धा तसाच होता. मी दोघांना तिथे नेलं. शालिक मागे मागे, नाराजीने येत होता. तिने जागा विचारली. मी दाखवली.

"उभे राहा इथं," ती नवऱ्याला म्हणाली.

तो उभा राहिला. फाटलेल्या लाकडाचं टोक त्याच्या छातीसमोर दोन बोटांवर होतं. तिथेच खाली त्याची दुसरी चप्पल होती, भाकरीसारखी चपटी झालेली. सगुणाने ती उचलून त्याच्या हातात दिली.

"माह्या बापानं काय केलं थे तुमी लोकायले सांगून राहिले," ती म्हणाली. "हेबी सांगा."

शालिक मटकन बुंध्यावर बसला.

डोमाजींचा गुडघा थोडा बरा होऊन ते कामावर आले त्या दिवशी सकाळी शालिकही आला. सगळ्या टोळीसमोर त्याने सासऱ्याच्या पायाला हात लावला. डोमाजी कावरेबावरे झाले, कारण आमच्याकडे जावयाने सासऱ्याच्या पाया पडणं म्हणजे उलटी गंगा. शालिक म्हणाला, "मामाजी, आजपासून मले शिव्या देऊन शिकवा. बाबूले नोका देऊ. बाबूले काई येत नाही अन् येनारबी नाही."

इतक्या दिवसांत माझ्याविषयी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

डोमाजी खाकरले. टोपी सारखी केली. सगळे वाट बघत होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, मिटलं आणि शेवटी मोठा धीर करून म्हणाले, "जवाईबापू, आपन... आपन गाढव आहा."

बुधारू हसता हसता करवतीवर पडायचा राहिला. शालिकही हसला. "नाही जमलं मामाजी. अजून एक डाव."

हळूहळू जमलं. महिनाभरात 'आपन' गेलं, दोन महिन्यांत गाढव मोकळेपणाने यायला लागलं आणि पावसाळा संपता संपता डोमाजी जावयाला इतरांसारखंच धुऊन काढू लागले. संध्याकाळी घरी मात्र त्याचं ताट आधी, यांचं नंतर. तो उभा असला की हे बसत नसत. कामावर सासरा-जावई नाही आणि घरी मुकादम-गडी नाही, असा त्यांनी आपसात करार केला होता. मी इतकी शिकलेली माणसं पाहिली, पण मानपान सांभाळून माणूस कसा सांभाळावा हे मला या दोघांनी दाखवलं. माझी बिनपगारी नोकरी सुटली, याचं थोडं वाईटही वाटलं.

पुढे मी ड्रॉइंग ऑफिसात गेलो. कारखाना वाढत होता, टाउनशिप पसरत होती, आणि मला झाडं दिसायची ती फक्त नकाशावर, हिरव्या ठिपक्यांची. पाच-सहा वर्षांनी रुआबांध्याकडे एका आखणीसाठी गेलो, तर समोर शालिक दिसला. अंग भरलं होतं, कानाजवळ एखादा पांढरा केस. दोन बोटांत कुऱ्हाड लोंबवून तो एका प्रचंड चिंचेकडे एक डोळा मिटून बघत होता. भोवती वीस-पंचवीस माणसांची टोळी, बरेचसे नवे. मी बाजूला थांबलो.

डोमाजीही आले होते. आता कामाला नाही, नुसतं बघायला. हातात काठी, पाय लंगडत होता. चिंचेच्या मागे थोड्या अंतरावर विटांचा ढीग होता, त्यावर जाऊन ते आरामात बसले, चुन्याची डबी काढली, तंबाखू मळायला घेतला. करवत अजून लागली नव्हती. सगळ्यांनी त्यांना बघितलं, पण जुन्या मुकादमाला, त्यातून आताच्या मुकादमाच्या सासऱ्याला कोण बोलणार? नव्या पोरांनी तर नमस्कारच केला.

शालिक फेरी मारून मागे आला. त्याने बघितलं मात्र, आणि अख्खं रुआबांधा ऐकेल असा आवाज लावला.

"ओ बुढ्या! उठ तिथून! डोळे फुटले का? झाडाच्या मांगं बसाचं नाही, किती डाव सांगाचं? अक्कल घरी ठेवून आला का?"

एका नव्या गड्याने जीभ चावली. शालिक हलला नाही. डोमाजी उठेपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि कुऱ्हाडीने उजवीकडची एक जागा दाखवली. मग वळून कामाला लागला.

मी धावत गेलो आणि डोमाजींना हात दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, फारच लागलं म्हाताऱ्याला. माझ्या तोंडून तेच ते निघालं, "मनावर नोका घेऊ, डोमाजी. घाईत बोलला तो. तुमी चुकून बसले."

त्यांनी मला नीट ओळखलं आणि मग हसले. दात सगळे गेलेले.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "चाळीस वर्सं झाडं पाडली मी. तिथं चुकून बसीन का?"

"मग कावून बसले?" मी विचारलं.

"पाहावं म्हनलं," ते म्हणाले, "बोलते का नाही."

मागून पुन्हा शालिकची हाक आली, "गोष्टी नंतर!" तसे डोमाजी माझा हात सोडून लगबगीने निघाले आणि जावयाने दाखवलेल्या जागी जाऊन, मुकाट्याने उभे राहिले.